लिब्रेऑफिस बेसची जोडणी पुन्हा पुन्हा तुटते : ओडीबीसी, जेडीबीसी की थेट ड्रायव्हर?

तक्रार बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : “परवापर्यंत चालत होतं, मी काहीच बदललं नाही.” बेस म्हणजे लिब्रेऑफिसमधला डेटाबेस हाताळणारा प्रोग्राम. त्याची फाइल उघडते. फॉर्मची नावं दिसतात, क्वेरींची नावं दिसतात. टेबलांवर क्लिक केलं की मात्र डेटा सोर्सशी जोडणी होऊ शकली नाही, असा निरोप येतो. कुणीतरी सांगतं, ड्रायव्हर (बेस आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषी) काढून परत टाका. टाकला की चालतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका संस्थेच्या सभासदांच्या नोंदी मी बरीच वर्षं अशाच सांभाळतोय : पुढे लिब्रेऑफिस बेस, मागे मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर. पहिली दोन वर्षं मीही ड्रायव्हर काढ-घाल करत होतो. मग एकदा वैतागून वही घातली. बिघाड कधी झाला आणि त्या आठवड्यात त्या संगणकावर काय काय अपडेट झालं होतं, एवढंच लिहायचं. सर्व्हरचा दोष एकदाही निघाला नाही. बेसचा एकदा निघाला. बाकी सगळे बिघाड मधल्या भागांतले : कधी जावा, कधी ड्रायव्हरची फाइल, कधी त्या फाइलीचा पत्ता. दुरुस्ती मी दर वेळी नीट करत होतो, पण बेसपासून सर्व्हरपर्यंतच्या मार्गाची निवड पहिल्याच दिवशी चुकली होती.

खालची उदाहरणं बेसची आहेत, कारण ही तक्रार तिथेच सर्वांत जास्त येते. कमांड, फाइलींची नावं आणि एररचे निरोप उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.

मध्ये कोण कोण उभं आहे

बेस आतल्या आत एसडीबीसी नावाची स्वतःची बोली बोलतो. ती ओपनऑफिसच्या काळापासून चालत आलेली आहे. ओडीबीसी, जेडीबीसी (कोणत्याही डेटाबेसशी बोलायच्या दोन सर्वसाधारण पद्धती, दुसरी जावामधून चालणारी) किंवा थेट ड्रायव्हर हे तिन्ही या बोलीच्या खाली बसतात. म्हणजे “बेसला ओडीबीसी चांगलं की जेडीबीसी” या प्रश्नात वेगाची तुलना फारशी कामाची नाही. फॉर्म उघडून नोंद बदलणाऱ्या माणसाला तो फरक क्वचितच जाणवतो. त्याला जाणवतं ते सोमवारी सकाळी काहीच न उघडणं.

तेव्हा मोजायचं ते हे : बेसपासून सर्व्हरपर्यंत किती वेगळे भाग आहेत, आणि त्यातले किती भाग तुम्हाला न विचारता, स्वतःच्या वेळापत्रकाने बदलतात?

ओडीबीसीच्या वाटेवर बेसनंतर ड्रायव्हर मॅनेजर येतो. विंडोजवर तो सिस्टिमचाच असतो, लिनक्सवर युनिक्सओडीबीसी, मॅकवर आयओडीबीसी. त्यानंतर डीएसएन, म्हणजे जोडणीला दिलेलं नाव आणि त्या नावाखाली लिहिलेली माहिती. मग ड्रायव्हर, त्या ड्रायव्हरला लागणाऱ्या इतर लायब्ररी, आणि मग सर्व्हर. जेडीबीसीच्या वाटेवर जावा, लिब्रेऑफिसने त्यातली कोणती जावा निवडली आहे ती नोंद, क्लास पाथ (जावाने फाइली कुठे शोधायच्या ती यादी), ड्रायव्हरची जार फाइल (जावाचा प्रोग्राम बांधून ठेवलेली फाइल), आणि मग सर्व्हर. थेट ड्रायव्हरच्या वाटेवर बेस आणि सर्व्हर यांच्यामध्ये जे काही आहे ते लिब्रेऑफिसबरोबरच येतं आणि त्याच्याबरोबरच अपडेट होतं.

ओडीबीसी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलं. जेडीबीसी १९९७ मध्ये जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या जेडीके १.१ बरोबर आलं. एकच प्रोग्राम लिहावा आणि ड्रायव्हर बदलून तो कोणत्याही डेटाबेसशी बोलावा, ही दोन्हींमागची कल्पना. ती उत्तमच आहे. पण सुट्या भागांची सोय हवी तर सुट्या भागांचा त्रासही आलाच. आणि जो माणूस पुढची दहा वर्षं एकाच मारियाडीबीशी बोलणार आहे, तो न वापरलेल्या सोयीचं भाडं भरत राहतो.

आधी बेस बंद करा

शोधाशोध नेहमी खालून वर करायची. बेसचा एररचा निरोप हा खालच्या चार थरांतून गाळून आलेला असतो. त्यावरून कारण ओळखायला जाणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

पहिली पायरी म्हणजे सर्व्हर जिवंत आहे ना. त्या डेटाबेसचा स्वतःचा कमांड लाइन क्लायंट घ्या (मारियाडीबीसाठी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेससाठी पीएसक्यूएल) आणि तोच होस्ट, तेच पोर्ट, तेच युजरनेम देऊन आत शिरा. पोर्ट सहसा ३३०६ किंवा ५४३२ असतं. इथेच अडलात तर पुढचं वाचू नका. गोष्ट पासवर्डची, फायरवॉलची किंवा बंद पडलेल्या सर्व्हरची आहे.

इथे एक सापळा आहे. लिनक्सवर मायएसक्यूएल घराण्याच्या (मायएसक्यूएल आणि मारियाडीबी) क्लायंटला होस्ट म्हणून “लोकलहोस्ट” दिलं की तो नेटवर्कवरून जातच नाही. त्याच संगणकावरच्या सॉकेट फाइलीतून जातो. “१२७.०.०.१” दिलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, जातो. आणि जेडीबीसी ड्रायव्हर सर्वसाधारणपणे टीसीपीनेच जातो. त्यामुळे टर्मिनलवर लोकलहोस्ट चालतं, बेसमधून जेडीबीसी चालत नाही, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. सर्व्हर टीसीपीवर ऐकतच नसतो, किंवा त्या युजरला फक्त सॉकेटवरून यायची परवानगी असते, असं निघतं. पहिली चाचणी दोन्ही प्रकारे करा.

अजून एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. “डीबीव्हरमध्ये जोडणी होते, म्हणजे माझा ड्रायव्हर ठीक आहे” हे अनुमान चुकीचं आहे. डीबीव्हर हा डेटाबेस पाहायचा वेगळा प्रोग्राम आहे आणि तो स्वतःचे जेडीबीसी ड्रायव्हर स्वतः उतरवून घेतो. तो चालतो यावरून सर्व्हर आणि पासवर्ड बरोबर आहेत एवढंच सिद्ध होतं. बेसच्या वाटेवरचा एकही भाग त्यात तपासला जात नाही.

ओडीबीसी : फाइल समोर आहे आणि म्हणे सापडत नाही

लिनक्सवर आधी “ओडीबीसीइन्स्ट -जे” ही कमांड चालवा. ड्रायव्हरांची यादी, सिस्टिमचे डीएसएन आणि तुमच्या युजरचे डीएसएन कोणत्या फाइलीतून वाचले जात आहेत, ते ती सांगते. सहसा उत्तर येतं : ईटीसी फोल्डरमधल्या ओडीबीसीइन्स्ट.आयएनआय आणि ओडीबीसी.आयएनआय, आणि तुमच्या होम फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी ओडीबीसी.आयएनआय. ही कमांड सुडो (प्रशासकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार) न लावता, ज्या युजरने बेस उघडता त्याच युजरने चालवायची. मी एकदा अर्धा दिवस रूट युजरच्या होम फोल्डरमधली फाइल दुरुस्त करत बसलो होतो.

मग “आयएसक्यूएल -व्ही”, पुढे डीएसएनचं नाव, युजरनेम, पासवर्ड. तो व्ही विसरू नका. त्याच्याशिवाय ती कमांड फक्त जोडणी झाली नाही एवढंच सांगून गप्प बसते. व्ही लावल्यावर जो कोड येतो त्यातच उत्तर असतं.

आयएम००२ आला तर नावाचा घोळ. डीएसएन सापडला नाही किंवा त्या डीएसएनमध्ये ड्रायव्हर म्हणून जे नाव लिहिलंय ते ड्रायव्हरांच्या यादीत नाही. चौकटी कंसातलं नाव आणि “ड्रायव्हर” ओळीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा.

आणि मग तो सर्वांत छळणारा निरोप : ०१०००, लायब्ररी उघडता येत नाही, फाइल सापडली नाही. तुम्ही जाऊन पाहता तर फाइल तिथेच, समोर. लोक इथे परवानग्या बदलतात, फाइलीची प्रत दुसरीकडे ठेवतात, शेवटी ड्रायव्हर परत टाकतात. खरी गोष्ट बहुतेक वेळा अशी असते की ती फाइल आहे, पण ती फाइल ज्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती नाही. लोड करणारा प्रोग्राम दोन्हींत फरक न करता “सापडली नाही” म्हणून मोकळा होतो. “एलडीडी” ही कमांड त्या ड्रायव्हरच्या फाइलीवर चालवा आणि यादीत “नॉट फाउंड” लिहिलेली ओळ शोधा. सिस्टिम अपडेट झाल्यावर ओपनएसएसएल या सुरक्षा लायब्ररीची जुनी आवृत्ती निघून जाते आणि हाताने उतरवून टाकलेला ड्रायव्हर पोरका होतो, हे याचं नेहमीचं कारण. त्याच डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या प्रकाराच्या) भांडारातलं ड्रायव्हरचं पॅकेज घेतलंत तर दोघं एकत्र हलतात आणि हा प्रकार जवळजवळ संपतो. ड्रायव्हर परत टाकला की चालतं, यामागचं रहस्य बहुतेकदा हेच : परत टाकताना नकळत नवी, जुळणारी आवृत्ती आलेली असते.

आयएसक्यूएलमध्ये जोडणी होते पण बेसमध्ये नाहीच, असं असेल तर लिब्रेऑफिस कुठून टाकलंय ते पाहा. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप अशा बंदिस्त पॅकेजमधून असेल तर तो प्रोग्राम स्वतःच्या कुंपणात राहतो. त्याला दिसणारं ईटीसी आणि तिथल्या लायब्ररी तुमच्या सिस्टिमच्या नसतात. तुम्ही बाहेर कितीही सुंदर डीएसएन लिहिलात तरी आत ते पोचत नाही. कुंपणाला भोकं पाडायच्या युक्त्या आहेत, पण त्या पुढच्या अपडेटला टिकतीलच असं नाही. डेटाबेसचं काम करायचं असेल तर लिब्रेऑफिस डिस्ट्रोच्या पॅकेजमधून किंवा प्रकल्पाच्या अधिकृत पॅकेजमधून टाका.

विंडोजवरची गंमत वेगळी आहे. तिथे ओडीबीसीची व्यवस्था पाहणारे दोन प्रोग्राम असतात, एक ३२ बिटचा, एक ६४ बिटचा, आणि दोघांच्या फाइलीचं नाव एकच : ओडीबीसीएडी३२. त्यातला ६४ बिटचा “सिस्टम३२” फोल्डरमध्ये राहतो आणि ३२ बिटचा “सिसवाऊ६४” मध्ये. वाचून उलटं वाटलं ना? तसंच आहे, मी चुकून उलटं लिहिलेलं नाही. लिब्रेऑफिस ६४ बिटचं असेल तर ड्रायव्हर ६४ बिटचा हवा आणि सिस्टिम डीएसएनही ६४ बिटच्याच प्रोग्राममधून बनवलेला हवा. सिस्टिम डीएसएन चुकीच्या बाजूला बनवला तर आयएम००२ येतो, कारण त्या बाजूला तो दिसतच नाही. युजर डीएसएन दोन्ही बाजूंना दिसतो, त्यामुळे तिथे आयएम०१४ येतो : ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांची जात जुळत नाही. लिब्रेऑफिस ३२ वरून ६४ बिटवर नेलं आणि सगळं बंद पडलं, ही तक्रार याच गटातली.

मॅकवर थोडक्यात : लिब्रेऑफिस आयओडीबीसीकडे पाहतं, आणि होमब्रू या पॅकेज भांडारातून आलेली साधनं बहुधा युनिक्सओडीबीसीची असतात. त्यामुळे टर्मिनलवर यश आणि बेसमध्ये अपयश हे तिथे अगदी शक्य आहे. शिवाय २०२० नंतरच्या ॲपल चिपच्या मॅकवर इंटेलसाठी बनलेला ड्रायव्हर त्या चिपसाठीच्या (एआरएम) लिब्रेऑफिसला चालत नाही.

जेडीबीसी : जावा कोणाची?

जेडीबीसीत डीएसएन नाही, ड्रायव्हर मॅनेजर नाही, एकच जार फाइल सगळ्या सिस्टिमवर चालते. कागदावर हा सरळ मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर बसवायलाही सोपा आहे. टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, ॲडव्हान्स्ड इथे जावा निवडा, “क्लास पाथ” बटणातून जार फाइल जोडा, लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून परत उघडा. ते “पूर्ण” महत्त्वाचं. विंडोजवर खालच्या पट्टीत क्विकस्टार्टर बसलेला असेल तर तोही बंद करा. मग जोडणीच्या खिडकीत ड्रायव्हरच्या क्लासचं नाव लिहून “टेस्ट क्लास” दाबा.

टेस्ट क्लास नापास झाला तर सर्व्हरचा विचारही करू नका, कारण गोष्ट अजून संगणकाबाहेर गेलेलीच नाही. तीन कारणं संभवतात. जार फाइल तिथून हलली किंवा तिच्या नावात आवृत्तीचा आकडा होता आणि नवी उतरवताना जुनी पुसली. किंवा लिब्रेऑफिसने निवडलेली जावा अपडेटमध्ये नाहीशी झाली. यादीत तिच्या शेजारचं बटण रिकामं दिसेल. किंवा क्लासचं नावच बदललंय. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरने आठव्या पिढीत नाव बदलून मध्ये “सीजे” घातलं : कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर. मारियाडीबीचं ओआरजी.मारियाडीबी.जेडीबीसी.ड्रायव्हर, पोस्टग्रेसचं ओआरजी.पोस्टग्रेएसक्यूएल.ड्रायव्हर. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत. शेवटच्या शब्दातला “डी” मोठा.

जारसाठी माझा तोडगा साधा आहे : होम फोल्डरमध्ये एक कायमचा फोल्डर, त्यात जार फाइल आवृत्तीचा आकडा काढून ठेवायची. नवी आली की त्याच नावाने जुनीच्या जागी. क्लास पाथला हात लावायची वेळच येत नाही. मात्र लिब्रेऑफिसची युजर प्रोफाइल नव्याने बनवली, सेफ मोडमधून सगळं मूळपदावर आणलं, की क्लास पाथ पुसला जातो. हे लक्षात नसेल तर “प्रोफाइल रीसेट केल्यावर दुसरीच अडचण आली” असं वाटतं.

टेस्ट क्लास पास झाला पण जोडणी नाही, असं असेल तर निरोप नीट वाचा. मायएसक्यूएल ८.० पासून पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली आणि तेव्हापासून “पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड” हा निरोप घरोघरी पोचला. त्यावर सगळीकडे एकच उतारा मिळतो : जोडणीच्या पत्त्यात “अलाउपब्लिककीरिट्रीव्हल” ट्रू करा. त्याच संगणकावरच्या सर्व्हरसाठी हे चालेल. नेटवर्कवरच्या सर्व्हरसाठी मी ते करणार नाही. मधल्या कुणी खोटी की पुढे केली तर पासवर्ड त्याच्या हाती पडू शकतो. तिथे टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, चालू करा, मग तो प्रश्नच येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये याचंच भावंड आहे : “ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड”. पोस्टग्रेस १० ने स्क्रॅम ही नवी पद्धत आणली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत ती मूळ पद्धत झाली. निरोपाचा अर्थ एवढाच की तुमची जार फाइल ४२.२ च्या आधीची आहे. नवी घ्या. सर्व्हरवर जुनी पद्धत परत चालू करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता माझ्या वहीतला सर्वांत शिकवणारा बिघाड. सर्व्हर जुना, जार जुनी, सगळं वर्षानुवर्षं सुखात. २०२१ च्या एप्रिलमध्ये जावाचं नेहमीचं अपडेट आलं आणि “कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर”. नेटवर्क तपासलं, केबल तपासली, सर्व्हर परत चालू केला. कारण हे होतं की त्या अपडेटपासून जावाने टीएलएस १.० आणि १.१ मूळपदीच बंद केले, आणि तो जुना सर्व्हर त्याहून नवं काही बोलतच नव्हता. जावाने योग्यच केलं. पण बघा, टंकलेखन करणाऱ्या माणसाच्या फॉर्मचा आणि जावाच्या सुरक्षा धोरणाचा काय संबंध? जेडीबीसी निवडलं की तो संबंध आपोआप जुळतो.

जाता जाता : खूप जुन्या मार्गदर्शिकांत जावामधून ओडीबीसीला जाणारा पूल सुचवलेला असतो. तो जावा ८ मध्ये, २०१४ साली काढून टाकला. ती पानं सोडून द्या.

जोडणी होते, तरी अडतं

काही तक्रारी जोडणीच्या म्हणून येतात आणि निघतात भलत्याच. त्यांच्यासाठी मार्ग बदलण्यात अर्थ नाही.

टेबल उघडतं पण नोंद बदलता येत नाही, नवी ओळच दिसत नाही : त्या टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख देणारा स्तंभ) नाही. नेमकी कोणती ओळ बदलायची हे बेसला तिच्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून तो टेबल फक्त वाचायला देतो. ड्रायव्हर कोणताही असो.

रोज सकाळी पहिल्या क्लिकला जोडणी तुटलेली, “सर्व्हर हॅज गॉन अवे” : फाइल रात्रभर उघडी राहिली. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी निष्क्रिय जोडणी मुळात २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, स्वतः तोडतात. फाइल बंद करून उघडा. हे ज्यांना नको त्यांनी घरी जाताना ती बंद करावी. सर्व्हरची मुदत वाढवणं हा माझ्या मते उगाच केलेला उपाय.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं : हे मात्र जोडणीच्या निवडीशी बांधलेलं आहे, म्हणून थोडं थांबतो. ओडीबीसीत एकाच डेटाबेसचे दोन ड्रायव्हर असतात, अँसी (मोजक्या अक्षरांचा) आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांचा). मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हींकडे आहेत. यादीत अँसी वर दिसतो आणि घाईत तोच निवडला जातो. युनिकोड घ्या. शिवाय बेसच्या जोडणीच्या गुणधर्मांत कॅरेक्टर सेटची वेगळी जागा आहे. ती आणि ड्रायव्हर यांचं जुळलं पाहिजे, तिथे यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) ठेवून पाहा.

पण आधी हे तपासा की बिघाड दिसण्यात आहे की साठवणीत. सर्व्हरवर त्या स्तंभाला हेक्स फंक्शन लावा. “क” हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, ई० ए४ ९५. असे ई० ए४ चे तुकडे दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाटेत बिघडतोय. सगळीकडे ३एफ दिसला तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं साठली आहेत. मूळ अक्षरं गेली, बॅकअप शोधा. सी३ ए० ने सुरुवात झाली तर मजकूर दोनदा रूपांतरित झालाय, तो बहुधा परत आणता येतो. मायएसक्यूएलचं “यूटीएफ८” हे नाव मुळात तीन बाइटपर्यंतच जाणारं. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही. त्यामुळे सगळं नीट चाललेलं असताना कुणा सभासदाच्या शेऱ्यातल्या एका हसऱ्या चेहऱ्यावर नोंद अडते. यूटीएफ८एमबी४ वापरा.

नवी नोंद भरली की तिचा आपोआप मिळणारा क्रमांक फॉर्मवर येत नाही : ओडीबीसी आणि जेडीबीसीच्या प्रगत गुणधर्मांत तयार झालेली मूल्यं परत आणण्याची खूण आहे. ती करा आणि मायएसक्यूएल घराण्यासाठी क्वेरीच्या जागी “सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी” आणि पुढे रिकामे कंस लिहा.

मोठं टेबल उघडताना सगळं गोठतं : पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर मुळात सगळ्या ओळी आधी स्मृतीत आणतो. त्याच्या गुणधर्मांत “यूज डिक्लेअर/फेच” आहे, तो चालू केला की तुकड्यातुकड्याने आणतो. तरी लाखभर ओळींचं टेबल माणसाने उघडावंच का, हा प्रश्न उरतोच. क्वेरी करा.

मग धरायचं काय

पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी, मायएसक्यूएल असेल तर थेट ड्रायव्हर. पोस्टग्रेसचा लिब्रेऑफिस ३.५ पासून सोबत येतो. मारियाडीबीचा सी कनेक्टर वापरणारा थेट मार्गही आता सोबतच असतो, मायएसक्यूएलची जोडणी करताना “थेट जोडा” असा पर्याय दिसतो. वाटेतला प्रत्येक भाग लिब्रेऑफिसबरोबर येतो आणि जातो. मी यावर आलो आणि वहीत लिहायला जवळजवळ काही उरलं नाही. तोटा असा की बिघाड लिब्रेऑफिसच्या एखाद्या आवृत्तीतच असेल तर फक्त ड्रायव्हर बदलून सुटका नाही. माझ्याकडे बेसचा जो एक दोष निघाला तो हाच. एक आवृत्ती मागे जाऊन निभावलं.

थेट मार्ग नसलेला डेटाबेस असेल, किंवा तीच जोडणी त्या संगणकावरचे इतर प्रोग्रामही वापरणार असतील, तर ओडीबीसी. एक डीएसएन, सगळ्यांना उपयोगी. लिनक्सवर ड्रायव्हर डिस्ट्रोचा, विंडोजवर बिट जुळवून. डीएसएनच्या फाइलीत पासवर्ड लिहिला तर तो उघडा राहतो, तेवढी परवानगी आवळा. खरं तर लिहूच नका.

जेडीबीसी केव्हा? वेगवेगळ्या सिस्टिमचे बरेच संगणक आहेत, सगळ्यांवर एकसारखी मांडणी हवी आहे आणि जावाची आवृत्ती तुमच्या ताब्यात आहे, तेव्हा. मराठी मजकुराबाबत जेडीबीसी सर्वांत कमी छळतो, हेही त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. जावा आपोआप अपडेट होणाऱ्या, कुणाचंच लक्ष नसलेल्या संगणकावर मात्र मी तो घालणार नाही. आणि “जावा नकोच” म्हणून ओडीबीसीकडे जाणाऱ्यांना आठवण : बेसचा रिपोर्ट बिल्डर जावावरच चालतो, आणि बेसच्या आतला छोटा डेटाबेस, एचएसक्यूएलडीबीही.

फॉर्म न गमावता मार्ग बदलणं

लोक जुन्या मार्गाला चिकटून राहतात ते या भीतीने, की सगळे फॉर्म पुन्हा बनवावे लागतील. लागत नाहीत. फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्ट .ओडीबी फाइलीत असतात, आणि जोडणी ही त्याच फाइलीतली एक ओळ असते. फाइलीची प्रत काढा. प्रत उघडा, एडिट, डेटाबेस, कनेक्शन टाइप इथे जाऊन नवा मार्ग निवडा, होस्ट, पोर्ट आणि डेटाबेसचं नाव भरा, जोडणीची चाचणी घ्या, जतन करा.

.ओडीबी ही खरं तर झिप फाइल असते. बेस ती उघडायलाच तयार नसेल तर प्रतीचं नाव बदलून झिप करा आणि आतली कन्टेन्ट.एक्सएमएल वाचा, जोडणीचा पत्ता त्यात साध्या मजकुरात असतो. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवून ठेवलेली फाइल नेमकी कोणत्या मार्गाने जाते, हे कळण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत झटपट उपाय हाच.

बदलल्यावर क्वेरी एकेक करून उघडा. एका मार्गावर टेबलाच्या नावाआधी डेटाबेसचं नाव लागतं, दुसऱ्यावर स्कीमाचं (डेटाबेसमधल्या टेबलांच्या गटाचं), तिसऱ्यावर काहीच नाही. काही क्वेरी तेवढ्यासाठी अडतील. ज्या क्वेरीत त्या डेटाबेसची खास फंक्शनं आहेत तिथे “एसक्यूएल कमांड थेट चालवा” ही खूण शाबूत आहे ना ते पाहा, नाहीतर बेस स्वतःच ती वाचायला बसतो आणि चूक दाखवतो. प्रत्येक फॉर्मवर एक खोटी नोंद भरा, तिचा क्रमांक आला का पाहा, त्यात “ळ” आणि “ज्ञ” असलेला एखादा शब्द आणि एक इमोजी घाला, जतन करा, फाइल बंद करून उघडा, वाचा, पुसा. जुनी फाइल महिनाभर तशीच ठेवा, फक्त तिच्या नावाला “जुनी” जोडा, नाहीतर कुणीतरी सवयीने तीच उघडेल आणि तुम्हाला फोन येईल : परवापर्यंत चालत होतं.